चार्जर घेईना तेव्हा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली की धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्याही वर चढली. असा पूर ओसरला की कोल्हापुरातल्या दुकानांत गाळ उपसताना कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्याही उन्हात मांडल्या जातात. खालचं सुताराचं दुकान कल्पित आहे. बॅटरीत घडतं ते खरं.

सकाळी ९ : पॅक पुसून उन्हात. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये एकामागे एक जोडलेले किमान ५ लिथियम-आयन सेल असतात. वरून सगळं कोरडं, पण आत सर्किटवर ओला गाळ. त्यातून करंट झिरपतो, काही सेल पार उतरतात.

दुपारी १२ : माळ्यावर राहिलेला कोरडा चार्जर काढला. लाल दिवा लुकलुकतो. "मालक, चार्जर घेईना बघा." न भिजलेला पॅक लावला, तो चढतो. म्हणजे चार्जर ठीक, दोष भिजलेल्या पॅकमध्ये. इथंच थांबायला हवं होतं.

दुपारी ३ : "लाव दोन वायरी, उठतंय." चांगल्या पॅकमधून थेट करंट दिला. संरक्षण सर्किटला वळसा घातला गेला. फार उतरलेल्या सेलमधली तांब्याची पत्री विरघळू लागते. चार्ज होताना तेच तांबं आत साचून शॉर्ट होऊ शकतं.

संध्याकाळी ५ : चार्जरनं आता पॅक घेतला. सगळ्यांना हायसं वाटलं.

रात्री ८ : शटर खाली. पॅक चार्जरवर, बटण चालू. शेजारी भुसा आणि थिनर.

रात्री १० : एका सेलमध्ये शॉर्ट. सुमारे १३० अंशांवर आतला प्लास्टिकचा पडदा वितळतो. उष्णता आता स्वतःच वाढत जाते. वीज तोडूनही ती थांबत नाही.

रात्री १०.१० : विषारी, पेट घेणारा धूर. सेल फुटतो, शेजारचे सेल तापतात, भुसा पेटतो. आता लांब राहून १०१ ला फोन करणं एवढंच हातात उरतं.

पुरात सगळं गेलेल्या कारागिराला हजारोंचा पॅक टाकून दे म्हणणं जड जातं. तरी सांगायलाच हवं: भिजलेला पॅक चार्ज करू नका, उघडू नका. घराबाहेर, जळाऊ सामानापासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याला तो भिजलाय हे सांगून द्या. चार्जर नकार देतो, तो तुमचं दुकान वाचवण्यासाठी.