जुन्या मोटारीला स्टार्टर बटण
१९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारण्याचे कष्ट सरले. चावीने सुरू होणाऱ्या जुन्या मोटारीलाही बटण बसवता येते. मात्र बटणाने केवळ रिलेला इशारा द्यावा. सोलेनॉइडचा प्रवाह थेट त्यातून नेल्यास लहान बटणाचे संपर्क जळू शकतात. म्हणून प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवून, बॅटरीपासून फ्यूजमार्गे रिले व तेथून सोलेनॉइड अशी जाड तार टाकावी. बटणाला वीज चावी ‘चालू’ स्थितीत असतानाच मिळावी. स्टिअरिंगचे कुलूपही कायम ठेवावे. बटणाच्या मार्गात क्लचचा स्विच अवश्य हवा. तो नसेल, तर गिअरमध्ये उभी असलेली मोटार बटण दाबताच पुढे झेपावते.