तारण कोणाचे?

मार्च १८३७ मध्ये अँड्र्यू जॅक्सन अमेरिकेच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाला. लगेच १० मे रोजी न्यूयॉर्कच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे बंद केले. दोष आला तो त्याचा वारस मार्टिन व्हॅन ब्यूरन याच्या माथी. इतिहासाची पुस्तके येथे अध्यक्ष आणि बँकवाले यांचे भांडण रंगवून सांगतात. त्या भांडणाखाली कोण चिरडले गेले, हे आपण विचारले पाहिजे.

जॅक्सन स्वतः शंभराहून अधिक गुलामांचा मालक. १८३० साली कायदा करून त्याने मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे घालवण्याची सोय केली. हिसकावलेल्या जमिनीवर कापूस पिकू लागला. जमीन उधारीची, गुलामही उधारीचे. १८३२ साली त्याने राष्ट्रीय बँकेची सनद वाढवण्यास नकार दिला. पुढे सरकारी पैसा मर्जीतल्या बँकांत गेला. जुलै १८३६ मध्ये सरकारी जमिनीची किंमत सोन्या-चांदीतच घेण्याचा हुकूम निघाला. तिकडे बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर चढवला, कापसाचा भाव कोसळला. म्हणजे वादळ जॅक्सन गेल्यावर आले, पण त्याची पेरणी त्याच्याच कारकिर्दीतली.

आता हिशेब पाहू. लुईझियानासारख्या राज्यांत मळेवाल्यांनी गुलाम गहाण ठेवून कर्जे उचलली होती. कर्ज थकले की सावकार तारण विकतो. येथे तारण म्हणजे हाडामांसाची माणसे. मालकाच्या दिवाळखोरीत आई एकीकडे जाई, मूल दुसरीकडे. याच मंदीत, १८३८ साली, मेरीलँडच्या जेझुइट धर्मगुरूंनी जॉर्जटाउनचे आपले महाविद्यालय कर्जातून सोडवण्यासाठी २७२ गुलामांचा सौदा केला. त्याच वर्षी व्हॅन ब्यूरनच्या सैन्याने चेरोकींना घरादारातून उठवले. त्या हकालपट्टीत सुमारे ४,००० माणसे मेली, असे मानले जाते.

दाद मागावी तर कोठे? गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेलाच घ्यायचे नाहीत, असे प्रतिनिधिगृहाने १८३६ सालीच ठरवले होते. हे बंधन १८४४ पर्यंत टिकले.

१८४० साली व्हॅन ब्यूरन निवडणूक हरला. पुढच्या दोन वर्षांत आठ राज्यांनी आपली देणी थकवली. मिसिसिपीने तर ती साफ नाकारली. गोऱ्यांचे राज्य कर्ज बुडवून उजळ माथ्याने उभे राहिले. गुलामाला मात्र दुसऱ्याचे कर्ज स्वतःच्या देहाने फेडावे लागले.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या मुक्तीचा अर्थ समजून घ्यायचा तर १८३७ च्या खातेवह्याही उघडाव्या लागतील. बँक का बुडाली, एवढे शिकवून वर्गात थांबू नये. तिच्या तिजोरीत तारण म्हणून कोणाची नावे होती, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.