गज, तसू आणि संगणकावरील पाट : दिंडोरीच्या लाकडी सामानाच्या निमित्ताने

इतिहासाच्या अभ्यासकास दिंडोरी परिचित असते ती मुख्यतः 1670 च्या वणी-दिंडोरीच्या लढाईमुळे. त्या परिसरातील जुन्या घरांतील पाट, चौरंग, पाळणे, देव्हारे व फडताळे यांच्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. जुन्या आराखड्यांवरून लाकडी सामानाची त्रिमितीय प्रतिरूपे संगणकावर सिद्ध करण्याची पद्धत आता रूढ झाली असून 2000 साली निघालेल्या स्केचअपसारख्या साधनाने ती सामान्य कारागिराच्याही आवाक्यात आणली आहे. दिंडोरीकडील सामानास ती लावू गेल्यास पहिली अडचण अशी की, येथे कागदावरचा आराखडा बहुधा नसतोच.

युरोपात तो असतो. चिपेंडेलचा चित्रसंग्रह 1754 साली, तर रूबोचा सुतारकामावरील फ्रेंच ग्रंथ 1769 पासून प्रसिद्ध झाला. तेथेही वाचकाची फसगत संभवते, कारण जुना फ्रेंच फूट सुमारे 324.8 मिलिमीटरांचा, तर इंग्रजी फूट 304.8 चा होता. हा भेद ध्यानी न घेतल्यास रूबोची प्रत्येक वस्तू सुमारे एकषोडशांशाने लहान होते.

गावगाड्यातील सुतार हा बलुतेदार. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे गेली ती हातांतून आणि शब्दांतून. म्हणून त्याच्या आराखड्याचा शोध मापवाचक शब्दांतच घेतला पाहिजे. गजाचे 24 तसू हे कोष्टक सर्वपरिचित आहे. परंतु गज कोणता? मुंबईकडील गज 27 इंचांचा होता, तर उत्तरेत कंपनी सरकारने ठरविलेला इलाही गज 33 इंचांचा. 20 तसू लांबीचा पाट पहिल्या गजाने साडेबावीस इंच भरतो, दुसऱ्याने साडेसत्तावीस. पाच इंचांच्या या अंतराने पाटाचे रूपच पालटते, आणि संगणक मात्र दोन्ही आकडे सारख्याच निमूटपणे स्वीकारतो.

निर्णय करावयाचा तो शिल्लक वस्तूवरून. मुंबईच्या गजाचा तसू सुमारे 28.6 मिलिमीटरांचा येतो. एखाद्या चौरंगाची मापे या संख्येच्या पूर्ण पटींत बसत असतील, तर तो या गजाने घडला असे मानण्यास आधार मिळतो, 25.4 च्या पटींत बसल्यास इंची पट्टीचा वापर संभवतो व वस्तू त्या मानाने अलीकडची ठरू शकते. येथे दोन सावधगिऱ्या अवश्य आहेत. लाकूड आडव्या अंगाने आकसते, लांबीत जवळजवळ नाही; सबब फळीची रुंदी पुराव्यास घेऊ नये. दुसरे असे की, 8 तसू म्हणजे बरोबर 9 इंच. त्यामुळे नेमका हातभर, म्हणजे 16 तसू वा 18 इंच, लांबीचा पाट काहीच सांगत नाही. आणि हातभर हे तर सोयीचे माप!

भाषेच्या अभ्यासकास यात आणखी एक दुवा दिसेल. 'सुतार' हा शब्द संस्कृत 'सूत्रधार' यावरून आला. सूत धरून रेघ पाडणारा तो सुतार. पुढे इंची पट्टी आली तेव्हा इंचाच्या अष्टमांशास कारागिरांनी 'सूत' हेच नाव दिले. परके माप स्वीकारताना त्यास घरचे नाव मिळाले, आणि आजही सुतार 'दोन सूत कमी कर' असेच म्हणतो. प्रतिरूपाच्या नोंदीत मात्र मिलिमीटरांचा आकडा उरतो, सांध्याच्या कुसवास एक क्रमांक मिळतो, आणि मूळचे माप व नाव दोन्ही गळून पडतात. ती त्याच नोंदीत, प्रत्येक भागाशेजारी, गजाच्या निर्देशासह लिहिता येतात. त्यास वेगळे साधन लागत नाही.