जुन्या भागाची उणीव

उलटसुलट वाहणाऱ्या विजेस एकाच दिशेस वळविणारा जो भाग, त्यास रेक्टिफायर म्हणतात. विद्युत्तरंग पडद्यावर दाखविणारा टेक्ट्रॉनिक्सचा 535 क्रमांकाचा ऑसिलोस्कोप 1954 सालीं अमेरिकेंत निघाला, तेव्हां त्यांत हें काम सेलेनियमचा लेप दिलेल्या पत्र्यांच्या चळती करीत. पुढें सिलिकॉनचे चिमुकले डायोड आले आणि चळती मागें पडल्या.

असलीं जुनीं यंत्रें जपणारे कारागीर आज चळत काढून डायोड बसवितात, हें आम्हांस योग्यच वाटतें. वयोमानानें सेलेनियमचा रोध वाढतो. चळत जळाल्यास दुर्गंधी, विषारी धूर निघतो. परंतु नुसत्या अदलाबदलीनें भागत नाहीं. सेलेनियमच्या दर पत्र्यामागें सुमारें 1 व्होल्ट खर्ची पडे, आणि चळतींत पत्रे अनेक. डायोडांत मात्र अवघा 0.7 व्होल्टच्या आसपास जातो. त्यामुळें विजेचा दाब चढून जुन्या कपॅसिटरांवर ताण पडतो. तो जिरविण्यास सोबत एक रोधक जोडावा लागतो.

रचनाकारांनीं जुन्या भागाची उणीवही हिशेबांत धरली होती. तिनें उचललेला भार न ओळखतां केलेली सुधारणा, आमच्या मतें, यंत्राच्या नाशासच कारण व्हावयाची.