पाटा अ‍ॅक्सलच्या खाली की वर?

युद्धातली अस्सल जीप ओळखायची, तर रंगाआधी तिच्या पोटाखाली पाहावे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबीचे स्प्रिंगचे पाटे अ‍ॅक्सलच्या खाली बांधलेले असत. महिंद्राने पुढे मुंबईत जोडलेल्या विलीज जीपचीही ठेवण तीच. त्यामुळे चॅसी जमिनीलगत राही, आणि अवघ्या ८० इंच व्हीलबेसच्या गाडीला ते आवश्यकच होते. युद्धोत्तर काळात हौशी चालकांनी तेच पाटे अ‍ॅक्सलवर चढवले. चॅसी काही इंच उचलली गेली. पाटा वर दिसला, की फेरफार झालेला समजावा. चॅसी व बॉडीमध्ये ठोकळे असतील, तर उचलली ती केवळ बॉडी. गंमत अशी, की दोन्ही उपायांनी डिफरन्शियल तसूभरही वर जात नाही. ते काम मोठ्या टायरांचे. कलंडण्याचा धोका मात्र वाढतो, आणि पाटे चढवल्यास प्रोपेलर शाफ्ट तिरका होऊन त्याचे सांधेही लवकर झिजतात.