शिंपल्यांचे दप्तर

काशीच्या गंगातीरावर मराठ्यांनी जे घाट बांधले, त्यांपैकी नारदघाटाशेजारचा अमृतराव घाट आज बहुधा राजाघाट या नावानेच ओळखला जातो. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांच्या हाती १८०२ च्या ऑक्टोबरात, हडपसरच्या लढाईनंतर, पुण्याचा कारभार काही महिने आला. पुढे दुसरे बाजीराव वसईच्या तहान्वये इंग्रजी फौजेच्या बळावर १८०३ मध्ये पुण्यास परतले. तेव्हा अमृतरावांनी इंग्रजांकडून नेमणूक घेऊन उत्तरेची वाट धरली. हा घाट त्यांनी पक्का दगडी करविला आणि १८२४ साली ते निवर्तले. एवढे सारे निश्चयाने सांगता येते, याचे कारण त्या काळचे कागद शिल्लक आहेत आणि ते कोणीतरी वाचले आहेत. राजवाड्यांनी १८९८ पासून दारोदार हिंडून कागद गोळा केले. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तराचे ४५ खंड संपादिले. कागदावाचून इतिहास नाही, हे त्या पिढीने मराठी वाचकाच्या मनावर बिंबविले.

केंद्र सरकारच्या कचेरीत फायलींशी नित्य संबंध येणाऱ्या आम्हांस या सिद्धांताचे विशेष कौतुक वाटते. परंतु ज्या काळी लिहिणारा मनुष्यच नव्हता, त्या काळाचे दप्तर कोठे शोधावे? त्याचे उत्तर याच घाटावर मिळते. घाटाच्या आसपास जी मराठी घरे अजून आहेत, त्यांच्या देव्हाऱ्यात शंख असतो आणि शालिग्राम असतो. दोन्ही वस्तू मृदुकाय प्राण्यांनी उभारलेल्या घरांच्या खुणा होत. शंख दक्षिण समुद्रातला, मन्नारच्या आखाताकडून येणारा. शालिग्राम हिमालयातल्या काळी गंडकीच्या पात्रातला. शंख समुद्राचा हे पोरही सांगेल. पण शालिग्रामही समुद्राचाच, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

काळा गोटा फुटला असता आत जे चक्र दिसते, ते अमोनाइट नामक प्राण्याच्या कवचाचा ठसा होय. हा प्राणी माखली व नळमाशांचा दूरचा आप्त. तो वाढेल तसतसा मागची खोली भिंत घालून बंद करी आणि पुढच्या नव्या खोलीत राहावयास जाई. अशा खोल्यांची ती वळणदार रांग होय. आपल्या परंपरेत हे चक्र वज्रकीट नावाच्या किड्याने कोरले असे मानतात. म्हणजे ते कोणा सजीवाचे काम आहे, इतका भाग जुन्यांनीही ओळखला होता. फरक एवढाच की तो जीव दगड कोरीत बसला नव्हता. तो स्वतःचे घर बांधीत होता आणि दगड त्याच्याभोवती मागाहून जमला. हे खडक स्थूलमानाने १५ कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी आजच्या हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र पसरलेला होता. हे नाव ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ड झ्यूस याने १८९३ साली दिले. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतभूमी आशियास भिडली, तळाचा गाळ वर उचलला गेला आणि समुद्रातला जीव पर्वतातल्या नदीत येऊन पडला. पर्वताचे मूळ समुद्रात आहे, याची साक्ष देव्हाऱ्यातला हा गोटा रोज देत असतो.

मात्र कोणत्याही साक्षीदारास काय विचारावे, हे विचारणाऱ्यास ठाऊक असावे लागते. कवचास तीन प्रश्न विचारता येतात: तू कोणत्या पाण्यात राहत होतास? केव्हा राहत होतास? आणि ते पाणी किती उष्ण होते? तिन्हींचे उत्तर एकच कवच देईल, असा भरवसा धरू नये.

पहिल्या प्रश्नाचे उत्तम उदाहरण आमच्या महाराष्ट्रातच आहे, आणि त्याचा एक धागा काशीशी जुळलेला आहे. जेम्स प्रिन्सेप हा तरुण इंग्रज १८२० साली येथील टाकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला आणि १८३० पर्यंत राहिला. त्याने नगराचा नकाशा केला, लोकसंख्या मोजली, घाटांची चित्रे काढली. पुढे कलकत्त्यास १८३७ साली अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडून तो अजरामर झाला. आशियाटिक सोसायटीच्या मासिकात जीवाश्मांची वृत्तेही तो आवर्जून छापीत असे. डॉक्टर माल्कमसन याने दख्खनच्या काळ्या खडकांच्या पूर्व भागात, निर्मळच्या आसपासच्या डोंगरांत, सापडलेले शिंपले विलायतेस पाठविले. १८४० साली सोवर्बी याने त्यांचे वर्णन केले, तेव्हा त्यांतील एका गोगलगायीस फायसा प्रिन्सेपी हे नाव मिळाले. त्याच वर्षी प्रिन्सेप लंडनमध्ये मरण पावला.

या फायसाचे एक वैशिष्ट्य सांगितले पाहिजे. तिच्या कवचाचे वेटोळे बहुतेक गोगलगायींच्या उलट दिशेने वळते. शंखांमध्ये असा उलट वळणाचा नमुना अत्यंत दुर्मिळ. त्यालाच आपण दक्षिणावर्ती म्हणतो आणि मोठ्या किमतीस घेतो. फायसाचे सारे कुळच त्या वळणाचे, पण तिला कोणी पूजेस लावीत नाही!

नागपूरकडे स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री १८४५ पासून राहत होता. त्याने रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह टाकळी व इतर ठिकाणचे शिंपले, बिया, मासे आणि किडे गोळा करून १८५५ साली त्यांचे वृत्त प्रसिद्ध केले. काळ्या खडकाचा एक थर, त्यावर हा शिंपल्यांचा पातळ थर आणि त्यावर पुन्हा काळा खडक, अशी ती रचना होती. फायसा गोड्या, संथ पाण्यात राहणारी. ज्याअर्थी ती दोन लाव्ह्यांच्या मधोमध सापडते, त्याअर्थी पहिला लाव्हा थंड झाला, त्यावर डबकी साचली, वनस्पती उगवल्या, गोगलगायींच्या पिढ्या नांदल्या आणि मग दुसरा लाव्हा आला. हा लाव्हा समुद्राच्या तळाशी पसरला की उघड्या भूमीवर, या प्रश्नाचा निकाल नखाएवढ्या कवचाने दिला. उलट गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ काटेरू येथे, अशाच दोन थरांमध्ये खाडीतले व समुद्रातले शिंपले मिळतात. त्यांचे वर्णन हिस्लॉपनेच १८६० साली केले. म्हणजे किनारा त्या बाजूस होता. नागपुरास तळे आणि राजमहेंद्रीस खाडी: लाव्ह्याच्या काळचा नकाशा केवळ शिंपल्यांवरून असा आखता येतो.

दुसऱ्या प्रश्नास मात्र फायसा भरवशाची नाही. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे रूप दीर्घ काळ फारसे पालटत नाही. हिस्लॉपने शिंपल्यांवरून हे थर इओसीन काळातले ठरविले. पुढे वनस्पतींच्या अवशेषांवरून बिरबल साहनी यांचाही कौल त्याच बाजूस पडला. हे साहनी १९१९ साली काशी हिंदू विश्वविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. आज खडकांतील किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून लाव्ह्याचा काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे ठरला आहे, म्हणजे इओसीनच्या आरंभाहून सुमारे एक कोटी वर्षे मागे. अमोनाइट या बाबतीत अधिक विश्वासू. त्यांची रूपे भराभर पालटली आणि ते दूरवरच्या समुद्रांत पसरले, म्हणून थराचा काळ ठरविण्यास ते तारखेच्या शिक्क्यासारखे उपयोगी पडतात. हे अमोनाइट कायमचे नाहीसे झाले, तेही दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच युगात. मेक्सिकोत आदळलेली प्रचंड अशनी हे त्याचे मुख्य कारण मानतात. आमच्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचा त्यात किती हात होता, यावर विद्वानांचा वाद चालू आहे.

तिसरा प्रश्न उष्णतेचा. तो विचारण्याची युक्ती शिकागोच्या हॅरोल्ड युरी या रसायनशास्त्रज्ञाने १९४७ साली मांडली. पाण्यातील ऑक्सिजनचे बहुतेक अणू १६ वजनाचे, पण दर ५०० मागे सुमारे एक १८ वजनाचा. शिंपला पाण्यातूनच चुना घेऊन कवच बांधतो. पाणी थंड असेल तर कवचात जड अणू किंचित अधिक शिरतात. एका अंशाच्या फरकाने हे प्रमाण हजारी ०.२ एवढेच बदलते, पण यंत्राने ते मोजता येते. १९५१ साली युरी व त्याचे सहकारी यांनी स्कॉटलंडच्या स्काय बेटावरील एका बेलेम्नाइटचे, म्हणजे अमोनाइटच्याच एका नातलगाचे, कवच थराथराने तपासले. त्यात त्यांना तीन उन्हाळे व चार हिवाळे मोजता आले. हा प्राणी सुमारे चार वर्षे जगून वसंतात मेला, असेही त्यांनी सांगितले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या एका क्षुद्र जिवाच्या मृत्यूचा ऋतू कळावा, याहून सूक्ष्म चरित्रलेखन कोणते?

येथेही सावधगिरी हवी. कवचाचा मूळ चुना अबाधित असेल तरच ही साक्ष ग्राह्य. टाकळीच्या पुष्कळ शिंपल्यांत चुन्याची जागा गारेने घेतली आहे. काही शालिग्रामांत सोनेरी माक्षिक भरले आहे, आणि भाविकांस तर त्याचेच मोल अधिक. अशा कवचाचे अक्षर राहिले, पण शाई बदलली. ते घराचा पत्ता सांगेल, हवामान सांगणार नाही. गंगेच्या मैदानातील तळ्यांच्या गाळात मात्र अलीकडच्या काही सहस्र वर्षांचे न बदललेले शिंपले सापडू शकतात. पावसाच्या पाण्यातील ऑक्सिजनचे प्रमाण पर्जन्यमानानुसार पालटते, म्हणून असे शिंपले जुन्या पावसाळ्यांचा हिशेब सांगू शकतात. ज्या देशाचे पोट पावसावर चालते, त्याला या हिशेबाचे मोल वेगळे सांगावयास नको.

घाटाच्या पायऱ्याही या प्रकरणी गप्प राहून बोलतात. काशीचे घाट बहुतांशी चुनारच्या वालुकाश्माचे. त्या दगडात शिंपला शोधणे व्यर्थ, कारण तो शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर अवतरण्याच्या पुष्कळ आधी जमला. दप्तर नसणे हीही एक नोंदच होय.

आता थोडे आपल्याविषयी. अमृतरावांचे कागद शोधावयास मराठी माणसे हौसेने धावली. पण टाकळीचे दप्तर प्रथम उलगडले ते स्कॉटलंडहून आलेल्या पाद्र्याने. १८६३ साली टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून तो मरण पावला. टाकळी आज नागपूर शहराच्या पोटात गेली आहे. जेथे हिस्लॉपला गोगलगायी मिळाल्या, तेथे आता घरे आणि रस्ते आहेत. शहरे वाढणारच, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण जो कागद फायलीतून सुटला त्याचा अर्थ सुटला, हे कारकुनास ठाऊक असते, आणि थरातून सुटलेल्या शिंपल्याची गती तीच. कोणत्या गावी, कोणत्या विहिरीत, किती हातांवर, कोणत्या दगडाखाली तो मिळाला, एवढे चार शब्द सोबत नसतील तर तो पोरांचे खेळणे.

आमचे वाचक नागपूर, वर्धा, छिंदवाडा, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी विखुरलेले आहेत आणि ही सारी ठिकाणे काळ्या दगडाच्या मुलखात किंवा त्याच्या सीमेवर आहेत. विहीर खणताना, रस्ता फोडताना दोन काळ्या थरांमध्ये पांढरट पट्टा दिसला, तर त्याची जागा टिपून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयास कळवावे. याला विद्वत्ता लागत नाही. काही जण विचारतील की शालिग्राम म्हणजे प्राण्याचे कवच असे ठरल्यावर त्यावर तुळस कशी वाहावी. आमच्या मते त्याच भावाने वाहावी. आपल्या पूर्वजांनी पर्वतातून आलेला हा गोटा हाती घेतला तेव्हा तो सामान्य नाही, एवढे जाणले होते. तो असामान्य का, हे आज आपल्याला अधिक तपशिलाने ठाऊक आहे; आणि ज्याचे अधिक ठाऊक होते त्याची हेळसांड करण्याचे कारण कमी उरते.