गावातल्या घराची आग कोणी विझवायची?

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतली आग सारखी नाही. नांदेडच्या उत्तरेला किनवट-माहूरचे सागाचे जंगल आहे. पानगळ झाली की तिथे वणव्याचे दिवस सुरू होतात. लातूरमध्ये वनक्षेत्र एक टक्काही भरत नाही. तिथे पेटते ती कडब्याची गंजी, सोयाबीनची बनीम, उसाचा फड, शेतातला आखाडा. तरी एका बाबतीत दोन्हीकडचा इतिहास एकच आहे. सरकारने आगीपासून आधी आपला माल राखला, मग शहर राखले. गावातल्या घराची पाळी अजून आलेली नाही. ते घर ज्याचे त्याने राखावे असे कोणी विचार करून ठरवले नव्हते. ते राहून गेले, आणि राहून गेलेलीच गोष्ट पुढे रीत ठरली.

किनवट तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामाच्या वनखात्याने तिथली जंगले राखीव करत नेली, गोंड-कोलामांच्या वहितीवर बंधने आली आणि त्याच जिल्ह्यात १९४० साली गोंड नेते कुमराम भीम यांचा उठाव झाला. महाराष्ट्र झाल्यावर १९२७ चा भारतीय वन कायदा मराठवाड्यालाही लागू झाला. त्यातले ७९ वे कलम मुळातून वाचण्याजोगे आहे. जंगलात चराईचा किंवा लाकूडफाट्याचा हक्क असलेल्या माणसाने वणव्याची खबर दिली पाहिजे, तो विझवायला हातभार लावला पाहिजे. टाळाटाळ केल्यास एक महिन्यापर्यंत कैद, दोनशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सरकारचा साग पेटला तर तो विझवणे हे वस्तीवरच्या माणसाचे कायदेशीर कर्तव्य. त्याच वणव्याची ठिणगी त्याच्या कुडाच्या घरावर पडली तर ते विझवणे कोणाचे कर्तव्य, हे मात्र हे कलम सांगत नाही. वनरक्षक मदतीला धावत नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढणारे मजूर तर बहुधा जवळपासच्याच वस्त्यांतले असतात. पण माणुसकीने मिळालेली मदत वेगळी आणि हक्काने मागता येणारी मदत वेगळी. १९९२ साली राज्याने संयुक्त वनव्यवस्थापन स्वीकारले, पुढे संत तुकाराम वनग्राम योजनेत चांगले काम करणाऱ्या समित्यांना बक्षिसेही ठेवली. गावाचा सहभाग वाढला, हे चांगलेच झाले. राखायची वस्तू मात्र जंगल हीच राहिली.

गावाने स्वतःसाठी जे केले तेही कमी नव्हते. गंजी घरापासून लांब, खळ्यावर किंवा मळ्यात घालायची. घर बांधायचे ते माळवदाचे, म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा थर. गवताच्या छपराला एक ठिणगी पुरते, माळवदाला वरून सहजी आग लागत नाही. पण हे संरक्षण ऐपतीप्रमाणे मिळत होते. ज्याच्याकडे दगड, लाकूड आणि गवंडी लावायला पैसा होता त्याचे माळवद. गावकुसाबाहेर कूड आणि छप्पर. लंडनमध्येही आग विझवणे आधी खासगीच होते: १६६६ च्या आगीनंतर विमा कंपन्यांनी आपापली बंबपथके ठेवली होती. १८६१ साली टूली स्ट्रीटच्या गोदामांना लागलेल्या आगीचा भार त्या कंपन्यांना पेलवेना, आणि १८६५ च्या कायद्याने ते काम सार्वजनिक झाले. आपल्याकडे हे वळण फक्त शहरांनी घेतले. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा सातव्या क्रमांकावर आहे. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत ती नाही. नांदेडला १९९७ साली आणि लातूरला २०११ साली महानगरपालिका झाली, बंब तिथे आहेत. किनवटच्या पाड्यावरून नांदेड शंभर किलोमीटरच्याही पलीकडे आहे.

आणि याच १९९३ साली, ३० सप्टेंबरच्या पहाटे, लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा भूकंप झाला. आगीत टिकणाऱ्या माळवदांखाली माणसे चिरडली. सुमारे आठ हजार लोक गेले. त्यानंतर जे घडले ते माझ्या मते या विषयावरचा सर्वांत मोठा पुरावा आहे. घर खासगी आहे, तेव्हा ते पुन्हा बांधणे मालकाचे काम, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. ५२ गावे नव्याने वसवली गेली आणि पावणेदोन लाखांहून अधिक घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण सरकारी अनुदानातून, अभियंत्यांच्या देखरेखीखाली, बऱ्याच अंशी घरमालकांनी स्वतः करून घेतले. नव्या गावांतल्या रुंद सरळ रस्त्यांवर टीका झाली, शेजार तुटला हे खरेही आहे. पण त्या रस्त्यांवरून बंब आत जाऊ शकतो. पैसा आणि जबाबदारी सार्वजनिक, हात गावाचे: ही पद्धत याच जिल्ह्यात एकदा चालून दाखवलेली आहे.

हीच पद्धत आगीला लावायची म्हटले तर पहिला आक्षेप खर्चाचा. गावोगाव बंब परवडणार नाही, आणि तालुक्याहून येईपर्यंत राख उरेल. आक्षेप बरोबर आहे, म्हणूनच उत्तर बंबात नाही. आगीचा निकाल पहिल्या काही मिनिटांत लागतो आणि तेवढ्या वेळात पोहोचू शकते ते गावातलेच पाणी. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईच्या वर्षांनी गावोगाव ट्रॅक्टरचे टँकर आणून ठेवले आहेत. फवारणीचे पंपही आहेत. ते आज खासगी आहेत आणि मालकाच्या मर्जीवर धावतात. ग्रामपंचायतीने करार करून उन्हाळ्यात एक टँकर भरलेला ठेवला, भाडे सरकारने दिले, तर गावाला हक्काचे पाणी मिळते. दुसरा आक्षेप असा की विमा आहे, पंचनाम्यानंतर मदत आहे. पण पीकविम्याचे कापणीनंतरचे संरक्षण जिथे मिळते तिथेही ते गारपीट, चक्रीवादळ, अवकाळी पाऊस यांच्यासाठी असते. कोणी पेटवून दिलेल्या बनिमीला त्याचा आधार नाही. आणि पंचनामा विझल्यानंतर होतो. तिसरा आक्षेप अधिक खोल आहे: सेवा हवी त्याने पैसे भरावेत. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात साउथ फुल्टन शहराने हद्दीबाहेरच्या घरांसाठी वर्षाला ७५ डॉलरचे शुल्क ठेवले होते. २०१० साली शुल्क न भरलेले एक घर जळत असताना शहराचे जवान समोर उभे राहिले, त्यांनी ते विझवले नाही. हिशेब चोख होता. पण कुडाच्या दाट वस्तीत शुल्क भरणाऱ्याचे आणि न भरणाऱ्याचे घर एकाच वाऱ्याखाली असते. एकाचे जळू दिले की दुसऱ्याचेही जळते. वर्गणीचा नियम इथे टिकणार नाही.

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीतून राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपये बाजूला काढले गेले. अशा निधीतला गावांचा वाटा मागायला कोणीतरी उभे राहिले पाहिजे. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. किनवटपासून लातूरमधल्या औशापर्यंतच्या ग्रामसभांनी त्याआधीच्या बैठकीत टँकर, पाण्याची जागा आणि जबाबदार माणूस ठरवून ठराव करावा, तो गावाच्या विकास आराखड्यात घालावा आणि त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.